ट्रेंट पार्क : सेनानींची बंदिशाळा

लंडनच्या उत्तर टोकाला पिकॅडिली मार्गावरची भुयारी रेल्वे जिथे संपते, त्या कॉकफॉस्टर्स स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर ट्रेंट पार्क नावाची जुनी इस्टेट आहे. दाट झाडी, तलाव, लांबवर पसरलेली हिरवळ आणि मधोमध विटांचा एक भव्य वाडा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हाती लागलेले अनेक जर्मन जनरल १९४२ ते १९४५ या काळात याच वाड्यात कैदेत होते. त्यांची संख्या पन्नासाच्या पुढे होती. बाहेर काटेरी तारांचे कुंपण आणि पहारा होता. आत मात्र ग्रंथालय, बिलियर्डचे टेबल, रेडिओ, वर्तमानपत्रे आणि हाताखाली हुजरे होते. कैद्यांपैकी कोणालाही मारहाण झाली नाही, उपाशी ठेवले गेले नाही की कोठडीत डांबले गेले नाही. तरीही जर्मन सैन्याची जी गुपिते या वाड्यातून बाहेर पडली, ती दुसऱ्या कोणत्याही कैदखान्यातून पडली नसतील. कारण या घराच्या भिंतींत, छतांत आणि शेकोट्यांत ध्वनिग्राहक बसवलेले होते.

मराठी वाचकाला या वाड्याच्या मालकाचे आडनाव परके वाटणार नाही. मुंबईचा ससून डॉक, पुण्याचे ससून रुग्णालय, काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय आणि पुणे कॅम्पातले लाल देऊळ ही सारी त्याच घराण्याची स्मारके आहेत. बगदादचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. कापूस आणि चीनला जाणारी अफू यांच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला. १८६४ मध्ये ते पुण्यात वारले. त्यांची कबर लाल देवळाच्या आवारात आहे. त्यांचे थोरले चिरंजीव अब्दुल्ला, म्हणजे पुढे सर अल्बर्ट झालेले ससून, यांनी कुलाब्याची गोदी बांधली. अल्बर्ट यांचा मुलगा एडवर्ड १८५६ मध्ये मुंबईत जन्मला आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झाला. ट्रेंट पार्क त्यानेच घेतले. १९१२ मध्ये तो वारला आणि घर त्याचा मुलगा फिलिप याच्याकडे आले.

सर फिलिप ससून पहिल्या महायुद्धात सरसेनापती डग्लस हेग यांचे खासगी सचिव होते, पुढे हवाई खात्याचे उपमंत्री झाले. १९२० च्या दशकात त्यांनी ट्रेंट पार्कचा कायापालट केला. पिकॅडिलीतले डेव्हनशायर हाउस पाडले जात होते, तिथल्या विटा आणून त्यांनी वाड्याला नवा दर्शनी भाग दिला. चर्चिल, चार्ली चॅप्लिन, बर्नार्ड शॉ अशी मंडळी तिथे पाहुणी येत. जून १९३९ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, फिलिप वारले. तीन महिन्यांनी युद्ध सुरू झाले आणि सरकारने घर ताब्यात घेतले. मुंबईच्या बंदरावर उभे राहिलेल्या एका ज्यू घराण्याच्या दिवाणखान्यात हिटलरचे सेनापती तीन वर्षे राहिले. या योगायोगापाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या हकिगतीत ज्यूंचा प्रश्न केंद्रस्थानी येणार आहे.

युद्धकैद्यांना कसे वागवावे याचे नियम १९२९ च्या जिनिव्हा कराराने घालून दिले होते. कैद्याने आपले खरे नाव आणि हुद्दा किंवा नोंदणी क्रमांक एवढेच सांगायचे. त्यापुढे माहिती काढण्यासाठी त्याच्यावर दडपण आणता येत नाही. अधिकाऱ्यांना हुद्द्याच्या मानाने वागवायचे, त्यांच्याकडून कष्टाची कामे करून घ्यायची नाहीत, त्यांच्या दिमतीला त्यांच्याच सैन्यातले काही शिपाई द्यायचे. सेनापतीच्या बाबतीत हे नियम आणखी नाजूक होतात. साधा शिपाई पकडला तर त्याच्याकडून त्याच्या पलटणीची जागा कळते. जनरल पकडला तर युद्ध कोणत्या बाजूने वळणार आहे याचा अंदाज येतो. पण जनरल हा चौकशीला सगळ्यांत वाईट कैदी. तो मुरलेला असतो, चौकशी म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते आणि शत्रूच्या कॅप्टनसमोर तोंड उघडणे त्याला कमीपणाचे वाटते. त्याच्या पोटातले काढायचे तर त्याला प्रश्न न विचारणे हाच मार्ग उरतो.

ब्रिटिश लष्करी गुप्तचर खात्याने तो मार्ग युद्धाच्या पहिल्याच महिन्यात धरला. सप्टेंबर १९३९ मध्ये टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्यात तिन्ही सैन्यदलांचे एक संयुक्त चौकशी केंद्र उघडले. प्रमुख होते थॉमस केंड्रिक. त्याआधी ते व्हिएन्नात ब्रिटिश पासपोर्ट अधिकारी म्हणून वावरत आणि प्रत्यक्षात गुप्तहेरखात्याचे काम पाहत. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा शेकडो ज्यूंना देशाबाहेर पडण्याची कागदपत्रे त्यांच्या कचेरीने मिळवून दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेस्टापोने त्यांना पकडून हद्दपार केले. डिसेंबर १९३९ मध्ये हे केंद्र टॉवरमधून ट्रेंट पार्कमध्ये हलले.

पहिली अडीच वर्षे तिथे येणारे कैदी म्हणजे पाडलेल्या विमानांचे वैमानिक आणि बुडालेल्या पाणबुड्यांचे खलाशी. त्यांचा मुक्काम थोड्या दिवसांचा असे. दोन अनोळखी कैदी एका खोलीत ठेवायचे, एकाला चौकशीला बोलावून मुद्दाम काही प्रश्न टाकायचे आणि परत पाठवायचे. खोलीत शिरताच तो दुसऱ्याला सांगायचा, की त्यांनी मला अमुक विचारले, मी काही बोललो नाही, त्यांना तमुक तर माहीतच नाही. ते ‘तमुक’ दुसऱ्या टोकाला लिहून घेतले जाई. जून १९४० मध्ये जर्मन बाँबफेकी विमाने रात्रीच्या अंधारात अचूक लक्ष्य कसे गाठतात हे कोडे ब्रिटनला पडले होते. ‘क्निकेबाइन’ नावाची कसलीशी रेडिओयंत्रणा आहे एवढेच कळले होते. पाडलेल्या विमानांत वेगळे असे यंत्र मिळत नव्हते. एक कैदी दुसऱ्याला म्हणाला, की त्यांनी कितीही शोधले तरी त्यांना ते सापडणार नाही. हवाई खात्यातले तरुण भौतिकशास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांनी या वाक्याचा अर्थ लावला: यंत्र सापडत नाही म्हणजे ते लपवलेले नाही, डोळ्यांसमोरच आहे. वाईट हवेत विमान उतरवताना वापरायचा नेहमीचा लोरेन्झ रिसीव्हर पुन्हा तपासला, तेव्हा तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त संवेदनशील निघाला. कोडे सुटले.

१९४२ मध्ये बकिंगहॅमशरमधली लॅटिमर हाउस आणि विल्टन पार्क ही दोन केंद्रे तयार झाली, खालच्या हुद्द्यांचे कैदी तिकडे जाऊ लागले आणि ट्रेंट पार्क वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवले गेले. तिन्ही केंद्रे मिळून युद्धकाळात दहा हजारांवर कैदी या यंत्रणेतून गेले.

पहिला मोठा मासा होता जनरल लुडविग क्रुव्हेल. लिबियाच्या वाळवंटात २९ मे १९४२ रोजी त्याचे छोटे टेहळणी विमान ब्रिटिश ठाण्यांवर जाऊन पडले आणि तो हाती लागला. नोव्हेंबरच्या ४ तारखेला एल अलामीनच्या लढाईत जनरल विल्हेल्म रिटर फॉन थोमा पकडला गेला; त्या संध्याकाळी ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीने त्याला आपल्या तंबूत जेवायला बसवले. मे १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मन-इटालियन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा सेनाप्रमुख हान्स-युर्गेन फॉन आर्निम आणि त्याच्याबरोबर अनेक जनरल एकदम आले. पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या स्वारीनंतर शेर्बुर, पॅरिस, आमियां, ब्रेस्ट अशी एकेक जागा पडत गेली, तसे श्लीबेन, खोल्टित्झ, एबरबाख, राम्के हे येत गेले.

या लोकांची बडदास्त कशी ठेवली जाई ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण बडदास्त हेच इथले हत्यार होते. खोल्या ऐसपैस, जेवण चांगले, चाकरीला जर्मन शिपाई. हिरवळीवर फिरायला मोकळीक. पत्ते, बुद्धिबळ, टेबल टेनिस, चित्रकला, इंग्रजीचे वर्ग. बीबीसी ऐकायला मिळे आणि जर्मन रेडिओही. नोव्हेंबर १९४४ मध्ये जनरलांची टोळक्याटोळक्यांनी छायाचित्रे काढली गेली. ती आजही उपलब्ध आहेत. पुढे खुर्च्यांवर ज्येष्ठ, मागे उभे कनिष्ठ, अंगावर पूर्ण गणवेश, छातीवर पदके, चेहरे एखाद्या लष्करी विद्यालयाच्या वार्षिक छायाचित्रात असावेत तसे. त्यांच्या शहरांवर त्या वेळी रोज बाँब पडत होते.

त्यांच्या सेवेला एक स्कॉटिश सरदार नेमला होता: लॉर्ड ॲबरफेल्डी. तो अस्खलित जर्मन बोले, राजघराण्याशी आपले दूरचे नाते असल्याचे सुचवी, दर काही दिवसांनी लंडनला जाऊन जनरलांसाठी दाढीचा साबण, चॉकलेट, पुस्तके आणी. त्यांना शहरात फिरवून आणी, नामांकित उपाहारगृहात जेवू घाली. खुद्द चर्चिल यांना या मेजवान्यांचा राग आला आणि त्यांच्यावर बंधन आले. असा कोणी लॉर्ड नव्हता. तो इयन मन्रो नावाचा गुप्तचर खात्याचा अधिकारी होता. जर्मन जनरलांपैकी अनेक सरंजामी वातावरणात वाढलेले. शत्रूनेही आपल्या हुद्द्याला साजेसा उमराव आपल्या सरबराईला दिला, हे त्यांना मुळीच विचित्र वाटले नाही. ब्रिटिश आपल्याला मानाने वागवतात, म्हणजे ते आपल्याला मूर्ख बनवणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. काही जण नव्याने येणाऱ्यांना सावध करत, की खोल्यांत काही बसवलेले असेल, जपून बोला. पण चार दिवस सरले की सावधपणा गळून पडे. बंदिवासात माणसाला करायला दुसरे काही नसते, आणि ज्याने आयुष्यभर हुकूम दिले त्याला न बोलता राहवत नाही.

ध्वनिग्राहक शेकोटीच्या आत, दिव्यांच्या सांगाड्यात, भिंतीच्या तळपट्टीमागे, जमिनीच्या फळ्यांखाली, कुंड्यांत, बिलियर्डच्या टेबलात, इतकेच काय बागेतल्या झाडांवरही होते. तारा तळघरात जात. तिथल्या खोलीला ‘एम रूम’ म्हणत. ऐकणारा कानाला यंत्र लावून बसे. त्याच्यापुढे दोन-तीन खोल्यांच्या जोडण्या असत. हवापाण्याची, जेवणाची, कुटुंबाची बोलणी तो सोडून देई. कामाचा विषय निघाला की हात पुढे होऊन सुई तबकडीवर टेकवायची. एका तबकडीवर सुमारे सात मिनिटांचे बोलणे मावे. ती संपण्याआधी दुसरी लावायची. मग दुसरा जागेवर बसे आणि पहिला आपली तबकडी घेऊन शेजारच्या खोलीत जाई, पुन्हा पुन्हा ऐकून बोलणे शब्दशः उतरवून घेई. जर्मन मजकूर, त्याचे इंग्रजी भाषांतर, वर तारीख आणि बोलणाऱ्यांची नावे अशी टिपणे टंकून संबंधित खात्यांकडे जात.

आरंभी हे काम जर्मन शिकलेले ब्रिटिश करत. त्यांना पुस्तकी जर्मन येई, पण बव्हेरियाची किंवा बर्लिनची बोली, लष्करी शिव्या आणि अर्धवट सोडलेली वाक्ये निसटत. १९४३ पासून केंड्रिक यांनी जर्मनी आणि ऑस्ट्रियातून पळून आलेल्या निर्वासितांना घ्यायला सुरुवात केली. ते बहुतेक ज्यू होते, वयाने विशीतले. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्यापैकी अनेकांना ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून तारांच्या कुंपणाआड ठेवले होते. नंतर त्यांना पायोनियर कोअरमध्ये, म्हणजे कुदळफावड्याच्या पलटणीत, भरती केले गेले. तिथून निवडून सुमारे शंभर जण या कामावर आणले गेले. त्यांतला फ्रिट्झ लुस्टिग हा बर्लिनचा. चेलो वाजवणारा, १९३९ मध्ये इंग्लंडला आलेला. रुजू होताना केंड्रिक यांनी त्याला बजावले, की तू इथे जे करणार आहेस ते बंदूक घेऊन लढण्यापेक्षा जास्त मोलाचे आहे. गुप्ततेच्या कायद्यावर सह्या झाल्या. आईवडिलांना, बायकोला, कोणाला काही सांगायचे नाही, आणि युद्ध संपल्यावरही नाही.

या यंत्रणेने सगळ्यांत मोठे काम केले ते २२ मार्च १९४३ रोजी. जर्मनी लांब पल्ल्याचे अग्निबाण बनवत असल्याच्या तुरळक बातम्या १९३९ पासून येत होत्या. त्यांवर विश्वास ठेवावा की नाही याबद्दल तज्ज्ञांचे एकमत नव्हते. त्या दिवशी क्रुव्हेल आणि थोमा बोलत बसले होते. थोमाने आठवण सांगितली, की आपण फील्ड मार्शल ब्राउखिच यांच्याबरोबर बर्लिनजवळच्या कुमर्सडॉर्फच्या चाचणी मैदानावर गेलो होतो आणि तिथे हे प्रचंड बाण पाहिले. तिथला अधिकारी मोठ्या उत्साहात होता. पुढच्या वर्षी बघा काय होते ते, असे तो म्हणाला होता. मग थोमाने आपल्या परीने विचार केला: आपली ही छावणी लंडनच्या जवळपास कुठेतरी आहे, आणि एवढ्या दिवसांत आपल्याला मोठा स्फोट कधी ऐकू आला नाही, त्या अर्थी काम कुठेतरी अडलेले दिसते.

टिपण जोन्स यांच्याकडे गेले. थोमा हा तांत्रिकदृष्ट्या सर्वांत जाणता जर्मन जनरल, आणि तो शत्रूला फसवण्यासाठी नव्हे तर आपल्याच सहकाऱ्याशी बोलत होता. संशय मिटला. बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेम्युंडे इथल्या अग्निबाण केंद्राच्या हवाई छायाचित्रांकडे नव्याने पाहिले गेले आणि १७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ५९६ ब्रिटिश विमानांनी त्या केंद्रावर हल्ला चढवला. ४० विमाने परत आली नाहीत, आणि जवळच्या छावणीतले परदेशी वेठबिगार कामगारही शेकड्यांनी मेले. पण काम काही महिने मागे पडले. व्ही-२ नावाचा हा अग्निबाण लंडनवर पहिल्यांदा पडला तो ८ सप्टेंबर १९४४ रोजी, नॉर्मंडीची स्वारी यशस्वी होऊन तीन महिने लोटल्यावर. ते बाण आधी आले असते तर इंग्लंडच्या दक्षिण बंदरांत जमलेल्या फौजेचे काय झाले असते, याचा विचार त्या पिढीच्या सेनानींनी पुष्कळ केला आहे.

जनरलांमध्ये लवकरच दोन तट पडले. एका बाजूला थोमा आणि त्याचे मित्र: युद्ध हरलेले आहे, हिटलरने देशाचा सत्यानाश केला, हे उघड बोलणारे. दुसऱ्या बाजूला क्रुव्हेल: पराभवाची भाषा हीच फितुरी, असे मानणारा. हुद्द्याने ज्येष्ठ म्हणून आर्निम छावणीचा प्रमुख झाला. १९४३ च्या उन्हाळ्यात त्याने निराशेच्या गोष्टी बोलू नयेत अशी ताकीदही दिली, पण त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. जेवणाच्या मेजावर कोण कुणाशेजारी बसतो, रेडिओवर लंडन लावायचे की बर्लिन, यांवरून कुरबुरी चालत. तळघरातल्या लोकांना हे भांडण हवेच होते, कारण वादात माणूस आपली बाजू भक्कम करण्यासाठी आकडे, नावे, प्रसंग सांगतो. १९४४ मध्ये क्रुव्हेल आणि आर्निम यांना अमेरिकेतल्या मिसिसिपीतल्या छावणीत हलवले गेले.

२० जुलै १९४४ रोजी हिटलरवर बाँबहल्ला झाल्याची बातमी रेडिओवर आली. कटाचा सूत्रधार कर्नल क्लाउस फॉन स्टाउफेनबेर्ग. ट्रेंट पार्कमधला जनरल फ्रिडरिख फॉन ब्रोइख हा ट्युनिशियात दहाव्या रणगाडा डिव्हिजनचा प्रमुख होता आणि स्टाउफेनबेर्ग हा त्याचाच कामकाज अधिकारी. एप्रिल १९४३ मध्ये स्टाउफेनबेर्ग जबर जखमी होऊन मायदेशी गेला, तोवर रात्री-अपरात्री तंबूत बसून दोघांचे हिटलरला दूर करण्याविषयी बोलणे झालेले होते. ब्रोइखने हे आता सोबत्यांना सांगितले. शपथ मोडावी की नाही, सेनापतीने राज्यकर्त्याविरुद्ध हात उचलावा की नाही, यावर त्या दिवसांत वाड्यात जे वाद झाले, ते जर्मन लष्कराच्या मनाचे सर्वांत प्रामाणिक चित्र आहे. कटातले जर्मनीतले अनेक लोक मारले गेले. इथले बोलणे उरले.

आणि उरले ते आणखीही एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. युद्धानंतर जर्मन सेनापतींनी आठवणी लिहिल्या, मुलाखती दिल्या, न्यायालयांत साक्षी दिल्या. त्या सगळ्यांचा सूर एकच होता: ज्यूंची कत्तल हे एसएस या नाझी दलाचे आणि हिटलरच्या टोळीचे पाप, लष्कराला त्याची कल्पना नव्हती, लष्कर स्वच्छ होते. हा समज चाळीस-पन्नास वर्षे टिकला. ट्रेंट पार्कच्या टिपणांत मात्र तेच लोक एकमेकांशी वेगळे बोलतात. पोलंडमध्ये, युक्रेनमध्ये, बाल्टिक प्रदेशात काय चालले होते हे त्यांना ठाऊक होते. काहींनी डोळ्यांनी पाहिले होते, काहींनी आपल्या हाताखालच्यांकडून ऐकले होते, काही त्यात सामील होते.

पॅरिसचा शेवटचा जर्मन लष्करी सुभेदार दीत्रिख फॉन खोल्टित्झ २५ ऑगस्ट १९४४ रोजी शरण आला. शहर बेचिराख करण्याचा हिटलरचा हुकूम न पाळणारा सेनापती अशी त्याची कीर्ती झाली. त्याने पुढे तसे पुस्तकही लिहिले, त्या प्रसंगावर चित्रपटही आला. शरण आल्यावर चारच दिवसांनी ट्रेंट पार्कमध्ये त्याने थोमाला सांगितले, की आयुष्यात आपल्याला मिळालेले सर्वांत कठीण काम म्हणजे ज्यूंना संपवणे, आणि ते आपण शेवटपर्यंत पार पाडले. त्याच्या पुस्तकात हे नाही.

सर्वांत सविस्तर कथन जनरल वाल्टर ब्रुन्स याचे आहे. ब्रुन्स अभियंता दलाचा अधिकारी. १९४१ च्या हिवाळ्यात तो लाटव्हियातल्या रिगा शहरात पूल बांधण्याच्या कामावर होता. ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर अशा दोन दिवसांत शहराजवळच्या रुंबुला जंगलात सुमारे २५,००० ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या. २५ एप्रिल १९४५ रोजी, म्हणजे युद्ध संपायला दोन आठवडे उरले असताना, ब्रुन्स सोबत्यांना ते सांगत होता. आपल्या कारखान्यांत काम करणाऱ्या ज्यू मजुरांना तरी सोडा म्हणून आपण स्थानिक अधिकाऱ्याकडे गेलो, तेव्हा त्याने हा फ्यूररचा हुकूम आहे असे सांगितले. मग आपण स्वतः जंगलात जाऊन पाहिले. खंदक किती लांब आणि किती रुंद होते ते तो मीटरमध्ये सांगतो. शेवटी अभियंता होता. लोकांची रांग दीड किलोमीटर होती, कडाक्याची थंडी होती, आणि ती पावलापावलाने पुढे सरकत होती. जसजसे पुढे जावे तसतसे त्यांच्याकडून आधी दागिने, मग पेट्या, मग कपडे उतरवून घेतले जात. रांगेतल्या एका देखण्या तरुण मुलीचे त्याने वर्णन केले आहे. खंदकात उतरलेल्यांना एकमेकांवर डोके-पाय उलटसुलट निजावे लागे, म्हणजे जागा वाया जाऊ नये.

ब्रुन्सने याची तक्रार वर पाठवली. उत्तर आले ते असे, की अशी घाऊक कत्तल यापुढे होऊ नये, हे काम जास्त जपून करावे. ते उत्तर घेऊन आलेला अधिकारी जणू चांगली बातमी सांगावी तसे सांगत होता, असे ब्रुन्स म्हणतो.

हे ऐकणारा तळघरात बसला होता. तो बहुधा ज्यू होता, त्याचे नातेवाईक मागे राहिलेले असण्याचा संभव मोठा होता, आणि त्याचे काम होते ते मीटर, ती रांग, ती मुलगी शब्दशः टंकून काढणे. चुकलेला शब्द असेल तर तबकडी मागे घेऊन पुन्हा ऐकणे. पाळी संपली की बराकीत परतणे आणि कोणाशी न बोलणे. या तरुणांविषयी फार थोडे लिहिले गेले आहे, आणि या लेखाचा विषय जरी सेनापती असले तरी त्यांच्यापेक्षा या श्रोत्यांचेच धैर्य मोठे वाटते. युरोपातल्या संहाराची खात्रीलायक माहिती ज्यांच्या कानांवर सर्वांत स्पष्ट पडली, त्यांपैकी ते होते.

अत्याचारांचे वर्णन असलेल्या तबकड्या पुसून पुन्हा वापरू नयेत, वेगळ्या जपाव्यात, असा हुकूम होता. त्यांवर लाल शाईने खूण करत. गुन्हेगारांवर खटले चालतील तेव्हा हा पुरावा उपयोगी पडेल अशी श्रोत्यांची समजूत होती. तसे झाले नाही. न्यूरेंबर्गच्या न्यायालयात ही टिपणे मांडायची तर ती कशी मिळाली हेही सांगावे लागले असते. रशियाशी नवे वैर सुरू झाले होते आणि कैद्यांचे बोलणे चोरून ऐकण्याची पद्धत ब्रिटनला पुन्हा लागणार होती. गुप्तचर खात्याने ती उघड करायला नकार दिला. ब्रुन्सने पुढे न्यायालयात साक्ष दिली, पण ट्रेंट पार्कमध्ये जे आणि जसे सांगितले होते त्याच्या मानाने ती फारच फिकट होती; त्याला आठवण करून देण्याचा मार्ग कोणापाशी नव्हता. खात्याची अडचण समजण्यासारखी असली तरी या निर्णयाची किंमत मोठी होती. ज्यांनी कबुली दिली होती असे कित्येक जण मोकळे सुटले, निवृत्तिवेतन घेत जगले आणि स्वच्छ लष्कराची कथा सांगत राहिले.

चोरून ऐकणे हे जिनिव्हा कराराला धरून होते काय, हा प्रश्न नंतर विचारला गेला. करारात दडपण आणायला मनाई आहे. खासगी बोलणे ऐकण्याविषयी त्यात शब्द नाही. कैद्याला इजा झाली नाही, अपमान झाला नाही, आणि खोटे बोलायला भाग पाडले गेले नाही, हे खरे. पण ज्या आदरातिथ्यावर त्याने विश्वास ठेवला तेच त्याच्याविरुद्ध वापरले गेले, हेही खरे. शारीरिक छळ करून जे मिळते त्यापेक्षा जास्त आणि जास्त खात्रीचे इथे मिळाले, एवढे मात्र नोंदवायला हवे. छळ झालेला माणूस समोरच्याला हवे ते बोलतो. थोमा कोणाला हवे म्हणून बोलला नव्हता.

युद्ध संपल्यावर जनरलांना दुसऱ्या छावण्यांत हलवले गेले. बरेच जण १९४७-४८ पर्यंत सुटले. घर शिक्षण खात्याकडे गेले. तिथे शिक्षकांचे प्रशिक्षण महाविद्यालय निघाले, ते पुढे एका विद्यापीठात विलीन झाले आणि २०१२ पर्यंत त्या दिवाणखान्यांत वर्ग भरत. विद्यार्थ्यांना आपल्या पायाखालच्या तळघराविषयी काही माहीत नव्हते. त्यानंतर इस्टेट घरबांधणी करणाऱ्या कंपनीने घेतली; वाड्यात सदनिका होणार असे ठरले, तेव्हा लोकांनी चळवळ करून तळमजला आणि तळघर संग्रहालयासाठी राखून घेतले.

टिपणे १९९६ मध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात खुली झाली. काही वर्षे ती तशीच पडून होती. २००१ मध्ये जर्मन इतिहासकार झ्योन्के नाइट्झेल पाणबुड्यांच्या इतिहासासाठी कागद चाळत असताना त्यांच्या हाती एक जाड गठ्ठा लागला, मग दुसरा, मग हजारो पाने. २००५ मध्ये त्यांनी ट्रेंट पार्कच्या संभाषणांचे पुस्तक जर्मनीत प्रसिद्ध केले. स्वच्छ लष्कराच्या कथेला आधीच्या दशकात तडे गेलेलेच होते. आता सेनापतींचे स्वतःचे शब्द समोर आले. तबकड्या मात्र राहिल्या नाहीत. आज ते आवाज कोणालाही ऐकता येत नाहीत, फक्त वाचता येतात.

कागद उघडल्यावर श्रोत्यांवरचे बंधनही सैल झाले. तोवर त्यांतले बहुतेक वारले होते. फ्रिट्झ लुस्टिग नव्वदीत पोचला होता. त्याच यंत्रणेत काम करणाऱ्या एका निर्वासित तरुणीशी त्याचे लग्न झाले होते. म्हातारपणी तो त्या दिवसांविषयी मुलाखती देऊ लागला. डिसेंबर २०१७ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी तो वारला.